सर्व्हर ‘वाढवायला’ वेळ लागतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांची तक्रार छापून आली होती. त्यांच्या बँकेने रात्री १२ ते ४ सेवा बंद राहतील असा निरोप पाठवला आणि नेमके त्याच रात्री त्यांना मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. ‘घरचा टीव्ही आम्ही एका बटणाने बंद करतो, मग सर्व्हर बंद करून चालू करायला चार तास कशाला लागतात?’ असं त्यांनी विचारलं होतं. त्यांचा राग मला समजतो. मी त्या बँकेत नाही, पण सर्व्हर बंद करणं हे गेली २२ वर्षं माझ्या पोटापाण्याचं काम आहे. म्हणून हे उत्तर माझ्या परीने देते. पत्र लांब झालं आहे, पण कापायचं झालं तर मधला दुधाचा भाग कृपा करून कापू नका.

मी डोंबिवलीत राहते आणि महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करते. महिन्यातले आठ-दहा दिवस रात्रपाळी असते, कारण सर्व्हरची डागडुजी लोक झोपलेले असतानाच करायची असते.

माझं आजोळ सांगलीकडचं. आजोबांचं भुसार मालाचं लहानसं दुकान होतं. संध्याकाळी ‘दुकान बंद केलं का?’ असं कोणी विचारलेलं आजीला खपत नसे. ‘दुकान वाढवलं का, असं विचारावं,’ म्हणायची. लहानपणी मला तो नुसता शकुन-अपशकुनाचा भाग वाटायचा. पण त्या ‘वाढवण्यात’ काय काय यायचं ते आता आठवतं. आधी दारात उभं असलेलं गिऱ्हाईक पुरतं करायचं. नवीन कोणी आलं तर ‘आता सकाळी या’ असं सांगायचं. तागडीची वजनं पुसून जागेवर ठेवायची, गल्ला मोजायचा, दिवसभराची तोंडी उधारी वहीत चढवायची आणि मग एकेक फळी लावायची. फळ्या लावायला पाच मिनिटं पुरत, त्याआधीच्या कामांना पाऊण तास लागे. फळ्या आधी लावून आजोबा घरी गेले असते, तर ज्यांची उधारी त्यांच्या फक्त डोक्यात होती त्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी कोण सांगणार होतं?

आमच्या कामात याला ग्रेसफुल शटडाउन म्हणतात. मी एकदा हाताखालच्या मुलांना ‘सर्व्हर वाढवा’ असं म्हणायची सवय लावायला गेले होते, पण आमच्याकडे सर्व्हर वाढवणं म्हणजे आणखी सर्व्हर जोडणं. घोळ व्हायला लागला म्हणून सोडून दिलं. या पत्रापुरता मात्र आजीचाच शब्द वापरते.

आता ज्यांना हे ‘वाढवणं’ सर्वांत जास्त लागतं त्या डेटा ग्रिडविषयी. एका सर्व्हरला पेलत नाही तेव्हा पाच, दहा, पन्नास सर्व्हर एकत्र बांधतात आणि ते सगळे मिळून एकच मोठी स्मरणशक्ती असल्यासारखे वागतात. माहिती डिस्कवरून शोधत बसण्याऐवजी प्रत्येकाच्या रॅममध्ये, म्हणजे यंत्र चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत, वाटून ठेवलेली असते, म्हणून ती लगेच हाती येते. पुष्कळ बँका, तिकीट आरक्षणाच्या यंत्रणा, ऑनलाइन दुकानं यांच्या पोटात असं काहीतरी असतं.

आपल्याकडच्या बचत गटावरून हे सहज समजेल. समजा गटात सहा जणी हिशेब सांभाळतात. सगळ्यांची पासबुकं एकीच्याच घरी ठेवली तर ताण येतो आणि धोकाही असतो, म्हणून ती सहा घरांत वाटलेली आहेत. शिवाय प्रत्येक पासबुकाची एक नक्कल दुसऱ्या एका घरी आहे. कुणाचं पासबुक कुणाकडे आणि नक्कल कुणाकडे, याची यादी सहाही जणींकडे आहे. डेटा ग्रिडमध्ये तंतोतंत हेच होतं. सगळ्या माहितीचे ठरावीक तुकडे पाडतात आणि ते सर्व्हरांमध्ये वाटतात. डेटा ग्रिडसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतल्या इन्फिनिस्पॅनमध्ये, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर, असे २५६ तुकडे असतात, हेझलकास्टमध्ये २७१, ओरॅकलच्या कोहीरन्समध्ये २५७. (२७१ आणि २५७ या मूळ संख्या आहेत हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला शाळेतलं गणित आठवून फार बरं वाटलं होतं.) या तिन्हींत प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती ठेवण्याचीच मूळ पद्धत आहे, एक मुख्य आणि एक राखीव. अपाची इग्नाइट हे चौथं सॉफ्टवेअर मात्र आपण सांगितल्याशिवाय राखीव प्रत ठेवत नाही. हे ठाऊक नसलेले लोक दोन प्रती असणारच असं गृहीत धरतात.

आता या सहा जणींपैकी एकीला लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर जायचं आहे. ती आदल्या दिवशी सगळ्यांना सांगेल, आपल्याकडची पासबुकं आणि नकला बाकीच्या पाच घरांत देईल, आज सकाळी कुणी दिलेले पण अजून न चढवलेले पैसे चढवेल, यादी बदलून घेईल आणि मग एसटीत बसेल. किंवा कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीने निघून जाईल. न सांगता गेली म्हणून गट बुडत नाही, नकला आहेत. पण तिच्याकडच्या सगळ्या पासबुकांची आता एकच प्रत उरली. पाच जणींना हे कळून त्यांनी नव्याने नकला काढेपर्यंत तो धोका तसाच राहतो. त्याच सकाळी दुसरी एखादीही तशीच निघून गेली, तर दोघींच्याच घरात असलेली पासबुकं संपली.

एक सर्व्हर अचानक पडला तरी चालतं, अशी सोय मुद्दाम करून ठेवलेली असते. मग आमच्यातलेच लोक म्हणतात, पडला तरी चालतो ना, मग पाडूनच टाकू, कशाला थांबायचं? राखीव प्रत असते अपघातासाठी. डब्याच्या तळाशी ठेवलेले अडीनडीचे पैसे रोजच्या रिक्षाला काढू लागलो, तर अडीनडीच्या दिवशी डबा रिकामाच सापडतो. मला या पत्रातून सांगायचं आहे ते एवढंच, पण ते मी शिकले दुसऱ्यांच्या नुकसानीवर.

२०१८ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा ज्या कंपनीत होते ती एका दूध संघाची यंत्रणा सांभाळत असे. नावं लिहीत नाही, दोन्हीकडे भली माणसं आहेत आणि चूक माझ्या हातची होती. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतात. माप होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतात, त्यावर दर ठरतो आणि पावती मिळते. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम ही नोंद त्याच क्षणी आमच्या डेटा ग्रिडमध्ये यायची. सहा सर्व्हर होते, प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती. ग्रिडने ‘मिळालं’ म्हटलं की केंद्रावर पावती छापली जाई. खालच्या कायमच्या डेटाबेसमध्ये मात्र नोंद थोड्या वेळाने, गठ्ठ्याने जात असे. या पद्धतीला राइट-बिहाइंड म्हणतात. शेकडो केंद्रं एकाच वेळी नोंदी पाठवतात तेव्हा शेतकऱ्याला रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून ही सोय असते, आणि ती चांगलीच आहे. फक्त मधल्या वेळात ती नोंद सर्व्हरच्या रॅममध्ये, आजोबांच्या डोक्यातल्या उधारीसारखी असते.

रात्री ११ ते १ अशी वेळ ठरली होती. सहाही सर्व्हरवर जावाची, म्हणजे ज्याच्या आधारावर ग्रिड चालते त्या सॉफ्टवेअरची, सुरक्षा-दुरुस्ती चढवायची, एकेक करून. पहिला सर्व्हर रीतसर बाहेर काढला. त्याने आपले तुकडे इतरांना दिले, रांगेतल्या नोंदी खाली उतरवल्या आणि थांबला. १४ मिनिटं लागली. दुरुस्ती, चालू करणं, परत वाटा मिळणं हे सगळं धरून आणखी वीसेक मिनिटं गेली. दुसऱ्याला १७ मिनिटं लागली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती की दुसरा पहिल्यापेक्षा सावकाश का. कारण नंतर सापडलं. त्याच वेळी डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप चालू झाला होता, त्यामुळे डेटाबेस मंदावला होता आणि संध्याकाळच्या संकलनाच्या नोंदींची रांग खाली उतरण्याऐवजी तुंबत चालली होती.

सव्वाबारा वाजले, चार सर्व्हर बाकी. फोनवर संघाचे अधिकारी होते. ‘मॅडम, नुसता सर्व्हर बंद करायला सतरा मिनिटं? पहाटे आमच्या गाड्या सुटतात.’ शेजारी बसलेला मुलगा, हुशार मुलगा, म्हणाला, ‘मॅडम, दुसरी प्रत आहेच की. किल नाइन मारू?’

वाचकांसाठी सांगते. लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमला थांबवायचे दोन मुख्य इशारे आहेत. १५ क्रमांकाचा, सिगटर्म, म्हणजे ‘आवर आणि थांब’. तो मिळाल्यावर प्रोग्रॅम आपलं आवरू शकतो. ९ क्रमांकाचा, सिगकिल, प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, ऑपरेटिंग सिस्टीम त्याला जागच्या जागी संपवते. आवरायला क्षणही मिळत नाही.

मी म्हणाले, ‘मार.’

त्याच्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या, तिसऱ्या सर्व्हरची आणि चौथ्याची. मी एक की दोन हे सांगितलं नव्हतं. त्याने दोन्हींत मारलं. एक सेकंदही लागला नाही. दोन्हींवर दुरुस्ती चढली, दोन्ही परत आले, ग्रिड हिरवी दिसू लागली. एकच्या आत या दोघांचं काम आटोपलं. सकाळी संघाकडून आभाराचा मेल आला.

दहा दिवसांनी बिलं निघाली तेव्हा तक्रारी यायला लागल्या. एकदम नाही, एक इथून, दोन तिथून. सहा सर्व्हरच्या पंधरा जोड्या होतात. तुकडे सगळ्यांत सारखे वाटलेले असतील तर साधारण पंधराव्या हिश्श्याच्या तुकड्यांच्या दोन्ही प्रती नेमक्या त्याच दोन सर्व्हरवर असतात. त्या तुकड्यांतल्या ज्या नोंदी डेटाबेसमध्ये पोचलेल्या होत्या त्या परत वाचून घेता आल्या. ज्या रांगेत होत्या त्या गेल्या. आणि ग्रिड नोंदी गावाप्रमाणे ठेवत नाही, गणिताने विखरून ठेवते. त्यामुळे एका गावाची अख्खी संध्याकाळ गेली असं कुठेही झालं नाही. या गावातली एक बाई, त्या गावातले दोघे, असं झालं. केंद्राची बेरीज आणि टँकरचं माप यांत जो फरक पडला तो नेहमीची घट म्हणून सोडून दिला गेला. सगळ्यांचं एकदम गेलं असतं तर दुसऱ्याच सकाळी कळलं असतं.

पावत्यांवरून नोंदी परत चढवायच्या असं ठरलं. मी स्वतः गेले. संघाचा एक कारकून आणि मी, तीन दिवस, जीपने. एका वस्तीवर एका म्हातारीने खुंटीला अडकवलेली तार काढून दिली. तिच्यात पावत्या टोचून ठेवलेल्या होत्या, सकाळची, संध्याकाळची, सकाळची, संध्याकाळची, एकही दिवस न चुकता. आम्हाला हवी होती ती मधोमध निघाली. साडेतीन लिटर, फॅट ६.९. ती मला म्हणाली, ‘बाई, दूध तर मी घातलं. तुमच्या मशीननं चिठ्ठीबी दिली. मग मधल्यामधी कोण प्यालं?’

मला उत्तर देता आलं नाही. साडेतीन लिटरचे पैसे पुढच्या बिलात जमा झाले, तिच्या लेखी विषय संपला असेल. पण ज्यांनी पावत्या जपून ठेवल्या नव्हत्या त्यांच्यासाठी आम्ही केंद्राच्या वहीवर विसंबलो, आणि ती वही सगळीकडे नीट भरलेली नव्हती. त्यातल्या काहींचं दूध आजही नोंदलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते पूर्वीच्या वीज मंडळात सबस्टेशनला ऑपरेटर होते. मी शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा मला कुंपणाबाहेर उभं करून ते दाखवायचे, ‘आधी ब्रेकर, मग आयसोलेटर.’ ब्रेकर वाहता भार तोडण्यासाठीच बनवलेला असतो. आयसोलेटरचं काम भार गेल्यावर लाइन वेगळी करण्याचं. भार चालू असताना आयसोलेटर ओढला तर दोन टोकांमध्ये ज्वाळेची कमान पेटते आणि ओढणारा भाजतो. म्हणून शक्य असेल तर भार दुसऱ्या फीडरवर घ्यायचा, मग ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर, मग लॉगबुकात वेळ लिहायची. माझं सगळं ऐकून घेतल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘भार न काढता ओढलंस.’

त्यानंतर मी या विषयाचा पिच्छा पुरवला, आणि जे दिसलं ते काळजीचं आहे.

एक उदाहरण देते. हेझलकास्टमध्ये रीतसर बाहेर पडणाऱ्या सर्व्हरला आपले तुकडे देऊन टाकण्यासाठी ६०० सेकंदांपर्यंत वाट पाहण्याची मुभा मुळातच दिलेली आहे. दहा मिनिटं. आता पुष्कळ ठिकाणी हे सर्व्हर कुबरनेटिसवर चालवतात, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थापक सॉफ्टवेअरवर. कुबरनेटिस एखाद्या पॉडला (त्याच्या हाताखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका खोक्याला) थांबायला सांगतं तेव्हा, आपण बदल केला नसेल तर, ३० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल देतं. असे खोके चालवणाऱ्या नुसत्या डॉकरची मुदत तर १० सेकंदांची. म्हणजे घरमालक सामान बांधायला दहा मिनिटं लागतील म्हणतोय आणि टेम्पोवाला अर्ध्या मिनिटात निघून जातोय. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, पण ते शेजारी ठेवून कुणी बघितलेलेच नसतात. शिवाय हेझलकास्टला सिगटर्म आला तर त्याची मूळ वागणूकही रीतसर आवरण्याची नसते, ती मुद्दाम बदलावी लागते. रोज एखादी नवी आवृत्ती चढवणाऱ्या कंपनीत हे न बदलता चालू असेल, तर तिथे रोज माझी ती रात्र थोडी थोडी घडते आहे.

तीस सेकंदांत काय होतं याचा हिशेबही मांडून बघावा. एका सर्व्हरवर ४० जीबी माहिती असेल आणि मधलं नेटवर्क सेकंदाला एक गिगाबिटचं असेल (एका जीबीत आठ गिगाबिट), तर तारेत दुसरं काहीही चालू नाही असं धरलं तरी ती हलवायला ३२० सेकंद लागतात. दहा गिगाबिटला ३२. प्रत्यक्षात तारेवर बाकीची रहदारी असतेच. मॅनेजर ‘इतका वेळ का?’ विचारतो तेव्हा या भागाकाराचं उत्तर त्याच्यासमोर ठेवावं, वाद घालू नये.

जागेचंही तसंच. तीन सर्व्हर ७० टक्के भरलेले असताना त्यातला एक काढायचा तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १०५ टक्के येतात. म्हणजे तो काढताच येत नाही. सर्व्हर वाढवण्याआधी, आजीच्या अर्थाने, बाकीच्या घरांत पासबुकं मावतील का हे बघायला लागतं.

अख्खी ग्रिडच बंद करायची असेल तर रीत पुन्हा वेगळी, आणि अनुभवी लोकही इथे चुकतात. त्यांना वाटतं, एकेक करून सहाही काढले की झालं. पण प्रत्येक जण जाताना आपला वाटा मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात टाकतो. सहा सर्व्हर प्रत्येकी ४० टक्के भरलेले असतील तर तिघांवर ८० टक्के येतात आणि दोघांवर १२०. शेवटचे सर्व्हर ओझ्याखाली कोसळतात आणि सगळं घेऊन जातात. म्हणून इन्फिनिस्पॅनमध्ये एका सर्व्हरला थांबवायची आज्ञा वेगळी आणि सगळ्या क्लस्टरला, म्हणजे एकत्र बांधलेल्या सर्व्हरांना, थांबवायची वेगळी आहे. दुसरीत सगळे एकदम हात आवरतात, कुणाकडे काय आहे ती यादी जपून ठेवतात, आणि ज्या माहितीसाठी डिस्कवर साठवण्याची सोय लावलेली आहे ती डिस्कवर उतरवून सगळे एकत्र थांबतात. परत सुरू करताना तेच सगळे सर्व्हर हजर होईपर्यंत दार उघडायचं नसतं. सहापैकी पाचच आले आणि उत्साहाने काम सुरू केलं, तर सहाव्याकडची पासबुकं आहेत की नाहीत हे कुणाला सांगता येणार?

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांच्या चार तासांकडे आता येते. बँकेत काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही, पण आमच्याकडच्या तीन तासांच्या कामात खरी दुरुस्ती वीस मिनिटांची असते. बाकी वेळ आवरण्याचा, परत एकेक उभं करण्याचा, आकडे जुळतात का पाहण्याचा, आणि काही बिघडलं तर मागे फिरण्यासाठी राखून ठेवलेला. पूर्वी या कामांना हक्काची रात्र होती. एनईएफटी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ आणि कामाच्या दिवशीच चालायचं. १६ डिसेंबर २०१९ पासून ते चोवीस तास झालं आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएससुद्धा. यूपीआयला तर सुरुवातीपासून रात्र नाही. ग्राहक म्हणून मला याचा आनंदच आहे, माझ्या आईच्या ऑपरेशनचे पैसे मी रविवारी रात्री भरू शकले. पण आता ‘सकाळी या’ म्हणायची सोय उरलेली नाही. गिऱ्हाईक दुकानात उभं असतानाच एकेक फळी लावायची आणि काढायची आहे. त्यामुळे हे शास्त्र आज जास्त लागतं, आणि शिकवलं जातं ते कमी. नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी विचारते, हा सर्व्हर कसा बंद कराल? कॉलेजात त्यांनी प्रोग्रॅम हजारदा चालू केलेला असतो. बंद मात्र खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबूनच.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. पहिली, ज्या सरकारी आणि सहकारी संस्था अशा कामांची निविदा काढतात त्यांच्याकडे. तुमच्या निविदेत ‘९९.९ टक्के सेवा चालू’ ही अट हटकून असते. म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांहून जास्त बंद चालणार नाही, आणि त्यावर दंड. अट योग्य आहे. पण डेटा ग्रिडमधला एक सर्व्हर सतरा मिनिटं आवरत असतो तेव्हा बाकीचे पाच काम करतच असतात, सेवा एक मिनिटही बंद नसते. त्या रात्री थांबलो असतो तर एकाही शेतकऱ्याचा खोळंबा झाला नसता. फोनवरच्या माणसाला एवढं माहीत नव्हतं आणि मला ते ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून निविदेतच लिहा की सर्व्हर रीतसर बाहेर काढायला लागणारा वेळ दंडात धरला जाणार नाही, तो वेळ आधी मोजून कळवावा, आणि बंद करण्याची तालीम वर्षातून दोनदा आमच्यासमोर करून दाखवावी. बॅकअप परत चढवण्याची तालीम मागता, तशीच ही.

दुसरी मागणी बँकांकडे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढाच निरोप पाठवू नका. बाराच्या ठोक्याला ज्याचे पैसे मध्येच अडकतील त्याचं काय होईल, ते परत येतील की पुढे जातील, आणि कधीपर्यंत, हे दोन ओळींत लिहा. त्या गृहस्थांना चार तासांपेक्षा हे न कळण्याचाच जास्त मनस्ताप झाला असावा असं त्यांचं पत्र वाचताना मला वाटलं.

त्या दूध संघाचं काम आता माझ्याकडे नाही. निघण्याआधी मी सर्व्हर बाहेर काढण्याची कामं एका कागदावर मराठीत लिहून त्यांच्या सर्व्हर खोलीच्या दाराला आतून चिकटवली होती. पहिली ओळ ‘रांग शून्य झाली का ते बघा’ अशी होती. दुसरी, ‘एका वेळी एकच.’ तो मुलगा अजून तिथेच आहे, आता तोच तिथला प्रमुख आहे. मागच्या महिन्यात त्याने फोटो पाठवला. कागद पिवळा पडला म्हणून त्याने तो लॅमिनेट करून घेतला आहे, आणि खाली स्वतःच्या अक्षरात तिसरी ओळ घातली आहे: ‘बॅकअप चालू असताना हात लावू नये.’

आपली,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर
डोंबिवली (पूर्व)
(जुन्या करारांमुळे नाव छापू नये ही विनंती.)